फॅशियाची ‘गाठ’ खरंच तुटते का? आणि तिच्यात दुःख साठतं का?

पाठकणा (धागाकर्ता)

मसाज, फोम रोलर (अंगाखाली फिरवायचा फोमचा दंडगोल), कपिंग, धातूच्या पट्टीने खरवडणं, सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘चिकटलेला फॅशिया सोडवतो, म्हणजे त्यात साठलेला मनाचा ताणही निघून जातो.’ माझ्या मते हे वाक्य दोन्ही बाजूंनी चूक आहे आणि त्यापायी लोक नको तेवढा जोर सोसतात.

फॅशिया म्हणजे प्रावरणी. मटण साफ करताना मांसावरचा पांढरट, चिवट पापुद्रा बोटाला लागतो ना, तोच. तो किती चिवट, याचं गणित २००८ साली चौधरी आणि सहकाऱ्यांनी मांडलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा फॅशिया फक्त १ टक्का दाबायचा तर सुमारे ९२५ किलो भार लागेल, तळपायाच्या पट्ट्याला ८५२. माणसाच्या कोपराला हे जमणारं नाही.

मग रोलर फिरवल्यावर मोकळं का वाटतं? कारण मज्जासंस्था स्नायूवरची पकड थोडी सैल करते आणि ताण सोसायची तयारी वाढते. त्या रोलरने वाढलेली हालचाल बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. खरंच काही तुटलं असतं तर ते अर्ध्या तासात पुन्हा कसं चिकटलं असतं?

जोराचे तोटे मात्र खरे आहेत. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाची जी गोटी लागते तिला वळसा घालून एक नस (मज्जातंतू) जाते. तिथे रोलरवर वजन टाकून बसलं की पाऊल वर उचलता न येण्यापर्यंत पाळी येऊ शकते. फार जोरकस मसाजनंतर स्नायूंच्या पेशी फुटून लघवी चहासारखी गडद झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सरकता_थर

पाठकणा, निम्मं मान्य, निम्मं साफ अमान्य.

तुम्ही दिलेले आकडे शरीरातल्या दोन सर्वांत दणकट पट्ट्यांचे आहेत. त्याच गणितात नाकावरचा मऊ फॅशिया बऱ्याच कमी जोरात बदलतो असंही निघालं, ते तुम्ही सोडलंत. दुसरं, कोलॅजन (फॅशियातले चिवट प्रथिनाचे धागे) ताणून लांब करायचा दावा समजून काम करणारा कुणी करत नाही. प्रश्न सरकण्याचा आहे. थरांच्या मध्ये हायलुरोनन नावाचं वंगण असतं. हालचाल थांबली की ते दाट होतं आणि थर एकमेकांवरून नीट घसरत नाहीत. इटलीतल्या पादुआच्या शरीररचनातज्ज्ञ कार्ला स्टेको यांनी यावर बरंच काम केलं आहे. थंडीत गोठलेलं तूप आपण फोडत बसत नाही, उबेला ठेवतो. हे तसंच आहे.

आणि हे मोजलेलंही आहे. संशोधक हेलेन लँजेविन यांच्या २०११ च्या सोनोग्राफी अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांच्या कमरेतले थर इतरांपेक्षा सुमारे २० टक्के कमी सरकत होते.

करायची पद्धत सांगतो, कारण चूक तिथेच होते. तेल लावायचं नाही. तेलावर हात कातडीवरून घसरतो, खालचा थर जागचा हलत नाही. कोरडा तळवा ठेवायचा, कातडी सोबत घेऊन सैलपणा संपेपर्यंत तिरकं सरकवायचं आणि तिथे ९० ते १२० सेकंद थांबायचं. खाली ढकलायचं नाही. हाताखाली हळूहळू जागा मिळत गेली की तेवढंच पुढे जायचं. दुखण्याची पातळी १० पैकी ३-४ च्या वर गेली, श्वास अडला किंवा भुवया आवळल्या की आपण जास्त दाबतो आहोत.

पाठकणा

लँजेविन यांचा अभ्यास एका वेळी घेतलेलं चित्र आहे. थर कमी सरकतात म्हणून कंबर दुखते, की दुखते म्हणून माणूस वाकणं टाळतो आणि थर आळसावतात, हे त्यातून ठरत नाही. तुपाचं उदाहरण प्रयोगशाळेत चालतं: हायलुरोननची दाट जाळी सैल व्हायला ४० अंशांच्या वर तापमान लागतं. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी तापते, चरबीखालचा खोल थर फारसा नाही.

‘चिकटलंय’ म्हणून ज्याकडे बोट दाखवलं जातं त्या खांद्याचंच बघा. २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात आखडलेल्या खांद्याच्या पाच रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिल्यावर हात बराच वर गेला. काहीही न तोडता. अडवणारी गोष्ट निदान काही अंशी स्नायूंची राखण होती, म्हणजे दुखेल म्हणून त्यांनी आपोआप आवळून धरणं.

व्रणोपचार

तुमच्या दोघांच्या वादात खऱ्या चिकटणीच बाजूला पडल्या. त्या असतात. सिझेरियनचा व्रण, बोटाच्या कंडऱ्याची शस्त्रक्रिया, पोट उघडल्यावर आतड्यांवर येणारे पडदे. तिथे ‘सगळं मेंदूत आहे’ असं म्हणणं चूक ठरेल.

सिझेरियनच्या व्रणाचं काम: जखम पूर्ण भरल्यावर, साधारण ६ आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. पहिले काही दिवस व्रणाला हात न लावता आजूबाजूला मऊ सुती कापड फिरवायचं, कारण तिथली कातडी बधिर तरी असते किंवा नको तितकी हुळहुळी. मग दोन बोटं व्रणावर ठेवून वर-खाली, डावी-उजवी, गोल, आणि शेवटी चिमटीत कातडी हलकेच उचलून. रोज ५ ते १० मिनिटं. बोटं कातडीवर घासत नाहीत ना, हे बघायचं. बहुतेक वेळा एक टोक आत ओढल्यासारखं दिसतं. तिथे जास्त वेळ द्यायचा, जास्त जोर नाही. लाली, पाणी किंवा ताप आला तर बंद.

पोटाच्या आतले पडदे मात्र बाहेरून हाताने सुटतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पोट फुगणं, कळा, उलट्या आणि वारा सरणं बंद, हे एकत्र आलं तर आतडं अडकलेलं असू शकतं. पोट चोळत बसू नका, थेट रुग्णालय.

आखडलेल्या खांद्यात, विशेषतः मधुमेह असेल तर, दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात कुणी हात जोराने वर ओढला की सूज भडकते आणि रात्रीची झोप जाते. पाठकणांनी सांगितलेली ‘राखण’ खरी आहे, पण खांद्याचं आवरण जाड होणंही खरं आहे.

मंदश्वास

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल. ‘अंग मोकळं झालं’ आणि ‘मन मोकळं कर’, मराठीत शब्द एकच आहे. भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने खांदे कानाला लागतात. हे नुसतं बोलणं नाही. हात मांडीवर स्वस्थ ठेवून नुसते तोंडी हिशेब करायला लावले तरी मानेच्या ट्रॅपिझियस स्नायूतली विद्युत हालचाल वाढते, असं मोजलं गेलं आहे. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली आपली शिथिलीकरणाची पद्धत मांडली ती याच आधारावर: स्नायू सैल झाला की मनही उतरतं.

आज ज्या रूपात ती शिकवतात ते असं: मूठ ५ ते ७ सेकंद आवळायची, मग एकदम सोडून २० ते ३० सेकंद फक्त फरक जाणवू द्यायचा. पुढे दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटरीला निम्माच जोर, नाहीतर गोळा येतो. श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. सगळ्यात फसवा जबडा. लोक दात आवळलेलेच ठेवून ‘सोडला’ म्हणतात. जीभ टाळूवरून खाली आली की तो खरा सुटतो.

म्हणून ताण शरीरात असतो, हे मी ठामपणे म्हणेन. सुप्तबद्धकोनासनात (पाठीवर पडून तळपाय जुळवून गुडघे बाहेर सोडायचे) पाच मिनिटं राहिल्यावर काहींच्या डोळ्यांतून पाणी येतं ते उगीच नाही.

पाठकणा

स्नायू काळजीने आवळतो, यावर वाद नाही. तो या क्षणाला चालू असलेला आदेश आहे. साठवण वेगळी. कोलॅजनच्या धाग्यात आठवण ठेवायची सोय नाही. पाणी येण्याची कारणं साधी आहेत: उच्छ्वास लांबतो, जागा सुरक्षित वाटते. आणि स्पर्श असेल तर केसाळ कातडीतले काही मज्जातंतू सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर अशा संथ स्पर्शालाच उत्तम प्रतिसाद देतात आणि तो थेट भावनेशी जोडलेला असतो.

ऐकणारा_कान

समुपदेशनाच्या बाजूने बोलतो. मंदश्वासताई, अनुभव खरा मानू, पण ‘तुमच्या खुब्यात लहानपणचं दुःख अडकलंय’ असं उपचार करणाऱ्याने म्हणू नये. आडवा पडलेला, हळवा झालेला माणूस ते वाक्य जसंच्या तसं उचलतो आणि न घडलेलंही घडलेलं वाटू लागतं.

टेबलावर कुणी रडू लागलं तर: दाब थांबवा. हात ठेवू की काढू, ते विचारा. डोळे उघडायला सांगा, पाय जमिनीला टेकवून बसवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. पाणी द्या. ‘काय आठवलं?’ हे विचारू नका. माणूस स्वतःहून बोलला तर ऐका. पुन्हा पुन्हा असं झालं, किंवा झोप उडाली, तर मानसोपचाराकडे पाठवा. शिवाय काहींना डोळे मिटून श्वासाकडे बघितलं की घाबरं होतं. त्यांना चालायला लावा, शवासन नको.

सरकता_थर

‘तोडणं’ हा शब्द मी आजपासून सोडतो, व्रणोपचारांनी सांगितलेल्या खऱ्या चिकटणी सोडून. पण दीड मिनिटानंतर तळव्याखाली जो फरक लागतो त्यात थरांचा काहीच वाटा नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

मानखांद्यांसाठी माझा क्रम असा: भिंत आणि पाठ यांमध्ये टेनिसचा चेंडू, पाठीचा कणा आणि फऱ्याचं हाड यांच्या मधल्या मांसल भागात, ६० ते ९० सेकंद, आणि त्या वेळी हात हळू वर-खाली. मग लगेच रबरी पट्टा घेऊन हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणं. डेन्मार्कच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात हा व्यायाम रोज २ मिनिटं, १० आठवडे केल्यावर मानेचं दुखणं कमी झालं. चेंडू मानेच्या पुढच्या बाजूला कधीही नाही, तिथे मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला हातसुद्धा लावायचा नाही, आत गुठळी असू शकते.

पाठकणा

पट्ट्याला पूर्ण पाठिंबा. चेंडूबद्दल एक करा: आधी खुर्चीत बसून मान वळवा आणि भिंतीवर नजर कुठवर पोचते तिथे खूण करा. लगेच नंतर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा बघा. सकाळची खूण पुढे सरकलेली असेल तरच थरांबद्दल बोलू.