वर्डची फाइल ब्राउझरमध्ये उघडावी की सरळ डाउनलोड व्हावी? ठरवायचं कोणी?

लोकमान्यनगरचा बाळ्या (धागाकर्ता)
आमच्या मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो. फुकट, त्यामुळे बोलणीही फुकटच मिळतात. गणपतीतल्या स्पर्धांचा अर्ज वर्डमध्ये ठेवला होता. रामबागेतल्या एका काकूंनी लिंक दाबली. एज ब्राउझरमध्ये अर्ज छान दिसला, पण नाव लिहायला गेल्या तर काही उमटेना. लगेच फोन: "बाळ्या, हा फॉर्म काय दगडावर कोरलायस का?"

त्या रात्रीच सर्व्हरवर कंटेंट-डिस्पोझिशन (फाइल दाखवायची की उतरवायची हे ब्राउझरला सांगणारी ओळ) 'अटॅचमेंट' करून टाकलं. आता दाबलं की फाइल उतरते. तर कमिटीतले निम्मे लोक उलटे माझ्यावरच चिडलेत. माझं म्हणणं साधं आहे: फाइल भरून परत पाठवायची आहे हे मला माहीत आहे, तर ती कशी उघडेल हेही मीच ठरवणार.

सुदामानगरची सूनबाई
साफ चूक. फोन माझा, त्यातली जागा माझी, आणि ठरवणार तुम्ही? सासूबाईंच्या मोबाइलमध्ये आत्ता बघितलं: अर्ज, अर्ज (1), अर्ज (2) असं करत थेट अर्ज (9). एकही भरलेला नाही! फाइल कुठे गेली ते कळत नाही, म्हणून त्या बिचाऱ्या पुन्हा लिंक दाबतात. समोर उघडलं असतं तर निदान वाचलं तरी असतं.

सर्व्हरवाला
दोघांनीही जरा थांबा. 'इनलाइन', म्हणजे 'फाइल समोरच दाखव', ही सर्व्हरने केलेली नुसती विनंती. पीडीएफ ब्राउझर स्वतः दाखवतो, वर्डची फाइल त्याला स्वतःहून वाचताच येत नाही, म्हणून 'इनलाइन' लिहिलं तरी बहुतेक ठिकाणी ती उतरतेच. काकूंना दिसली ती एजच्या सोयीमुळे. सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली 'ओपन ऑफिस फाइल्स इन द ब्राउझर' असं बटण आहे, ते बंद करा की संपलं. फायरफॉक्समध्ये 'ॲप्लिकेशन्स'च्या यादीत प्रत्येक प्रकाराला वेगळं ठरवता येतं. मार्च 2022 मधल्या 98 व्या आवृत्तीपासून तो न विचारताच फाइल उतरवतो. विचारायला हवा असेल तर तोही पर्याय तिथेच खाली आहे.

म्हणजे किल्ली वाचणाऱ्याकडे आहेच. बाळ्याने दाराला बाहेरून कडी घातली, एवढंच.

लोकमान्यनगरचा बाळ्या
काकूंना सेटिंग्ज शिकवायला तुम्ही जाता का?

जुना टंकलेखक
राजवाड्याजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. विंडोज एक्सपीच्या काळात इंटरनेट एक्सप्लोरर वर्डला आपल्या पोटातच उघडायचा. गिऱ्हाईक मजकूर सुधारायचं, वरची फुली दाबायचं, आणि तासाभराची मेहनत मातीत! फोल्डर ऑप्शन्स, फाइल टाइप्स, ॲडव्हान्स्ड, तिथली 'ब्राउझ इन सेम विंडो'ची खूण काढायची, हे मी झोपेतही करायचो. ऑफिस 2007 आल्यावर फाइल आपल्या वेगळ्या खिडकीत उघडायला लागली, तेव्हा सुटलो. म्हणून मी बाळ्याच्या बाजूने. शिवाय आमच्या इकडच्या अर्ध्या फाइली कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये. ब्राउझरमध्ये उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ.

सर्व्हरवाला
काका, ती भेळ डाउनलोड करूनही मिळेल. ज्याच्या मशीनवर कृतीदेव नाही त्याला वर्डही तेच दाखवणार. दोष उघडण्याच्या पद्धतीचा नाही, फॉन्टचा आहे. युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांवर, या आता.

जुना टंकलेखक
बोटं वळत नाहीत हो. तीस वर्षांची सवय आहे.

छप्पनवरचा खवय्या
वेगळीच शंका. मंडळाच्या सभासदांची एक्सेल यादी, मोबाइल नंबरांसकट, एजमध्ये उघडली तर वर पत्ता मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसॲप्सचा दिसला. म्हणजे आपले नंबर त्यांच्या सर्व्हरवर गेले ना? त्यापेक्षा सक्तीचं डाउनलोडच बरं.

सर्व्हरवाला
गेले. पण तो व्ह्यूअर इंटरनेटवर उघडी असलेलीच फाइल दाखवू शकतो, लॉगिनच्या आतली नाही. त्याला दिसली, म्हणजे ती यादी आधीपासूनच साऱ्या जगाला दिसते आहे. चोर खिडकीतून आला की दारातून, ही चर्चा नंतर. आधी भिंत बांधा.

लोकमान्यनगरचा बाळ्या
यादी काढली. आत्ताच. ही चूक माझी, शंभर टक्के.

सुदामानगरची सूनबाई
आणि डाउनलोड झाल्यावर वर्डमध्ये ती पिवळी पट्टी येते, तिचं काय? 'एनेबल एडिटिंग' दाबेपर्यंत तिथेही अक्षर उमटत नाही. म्हणजे काकूंचा दगड दगडच राहिला, फक्त तुमच्या अंगणातून त्यांच्या अंगणात गेला.

लोकमान्यनगरचा बाळ्या
हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ठीक आहे, सूचना आणि कार्यक्रमपत्रिका पीडीएफमध्ये, त्या ब्राउझरमध्ये उघडतील. अर्ज मात्र अटॅचमेंटच राहणार, त्यावर मी हटणार नाही. पानावर पिवळ्या पट्टीचं चित्र टाकतो.

सुदामानगरची सूनबाई
मोबाइलवर ती पट्टी तशी दिसतच नाही. टाका चित्र.

लोकमान्यनगरचा बाळ्या
ताजी खबर: काकूंचा अर्ज आला. नातवाकडून छापून घेतला, पेनाने भरला, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. आडवा. वयाच्या रकान्यावर अंगठा आलाय.