‘ग्वा शा’च्या खुणांना ‘वळ’ म्हणावे का?

प्रश्न : एका वैद्यकीय मजकुराचे भाषांतर करत आहे. त्यात ‘ग्वा शा’ या चिनी उपचाराचे वर्णन आहे. ताप किंवा अंगदुखी असलेल्या मुलाच्या पाठीला तेल लावून, चिनी मातीच्या चमच्याच्या काठाने वरून खाली घासतात आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंना लालजांभळे पट्टे येतात. मी ‘पाठीवरचे वळ’ असे लिहिले, त्यावर संपादकांनी खूण केली. चूक काय?

उत्तर : अर्थ चुकलेला नाही, परंतु वळ उठतो तो छडीने, चाबकाने किंवा थपडेने, ‘गालावर वळ उठले’ एवढे म्हटले की मारणारा हात वाक्यात नसूनही दिसतो. १९७५ नंतर अमेरिकेत आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या मुलांच्या पाठी पाहून तिथल्या डॉक्टरांचाही असाच समज होत असे. व्हिएतनामी भाषेत या उपचाराचे नाव ‘काओ झो’, म्हणजे ‘वारा खरवडणे’. चिनी नावातला ‘ग्वा’ म्हणजेही खरवडणे. ‘शा’ मात्र अवघड आहे. त्याच्या चिन्हात आजारदर्शक खुणेच्या आत वाळूचे चिन्ह आहे, आणि वाळूसारखे बारीक लाल ठिपके व ते ज्याने येतात असे मानले जाते तो विकार, अशा दोहोंना तो शब्द लावतात. शांघायकडच्या बोलीत गोवराचे नावही त्यावरूनच आले आहे. आपणही गोवर ‘अंगावर उमटला’ म्हणतो. तेव्हा क्रियापद ‘उमटणे’ घ्यावे.

दुसरे उत्तर : ‘उमटणे’ मान्य, पण ‘खरवडणे’ला माझी हरकत आहे. आपण खरवडतो ती दुधाच्या पातेल्याच्या बुडाची खरवड, त्यामुळे वाचकाला कातडी सोलल्यासारखे वाटेल. येथे त्वचा फाटत नाही. बारीक केशवाहिन्या फुटून रक्त आत साकळते आणि खुणा बहुधा आठवड्याभरात मावळतात. ‘घासणे’ पुरेसे आहे. (पेले लावून त्वचा ओढून घेण्याच्या उपचाराला, म्हणजे २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर ज्याचे गोल डाग दिसले त्याला, ‘तुंबडी लावणे’ हा आपला जुना शब्द आहेच, आता तो ‘तुंबड्या भरणे’पुरता उरला, एवढेच.)

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘घासल्याने उमटलेले लालजांभळे पट्टे’ असा बदल केला. डॉक्टर प्रथम मुलाचा सदरा वर करून पाहतात, त्या एका वाक्यात मात्र ‘वळ’ तसाच ठेवला आहे, कारण त्या क्षणी त्यांना दिसले ते वळच.