सकाळची आरडाओरड थांबावी म्हणून संध्याकाळी काय करता?

शाहूपुरीची आई

नमस्कार. साताऱ्यात शाहूपुरीत राहते. घरात चौघं. मिस्टर एमआयडीसीत पहिल्या पाळीला, साडेसहाला घर सोडतात. मुलगा सहावीत, त्याची रिक्षा पावणेसातला दारात. सासूबाईंना थायरॉइडची गोळी उपाशीपोटी लागते आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा चालत नाही. मी कोरेगावला पतसंस्थेत, सव्वानऊची एसटी.

मंगळवारी सहा चाळीसला मुलगा म्हणाला, "आई, आज पिवळं कार्डशीट न्यायचंय." गॅसवर पोळी, सासूबाई गोळी शोधतायत. मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो डबा न घेताच रिक्षात जाऊन बसला. दिवसभर व्हाउचर लिहीत होते आणि डोळ्यांसमोर ओट्यावरचा तो डबा होता.

सगळे सांगतात, अजून तासभर लवकर उठ. आडवं व्हायला अकरा वाजतात, पाचला उठते. सहा तासांची झोप आणखी कुठून तोडू? संध्याकाळी सहाला घरी येते. तेव्हापासून झोपेपर्यंत असं काय करावं की सकाळी पोरावर ओरडायची वेळच येऊ नये? ज्यांच्या घरात खरंच फरक पडलाय त्यांनी सांगा.

मुक्कामी कंडक्टर

ताई, मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. 31 वर्षं नोकरी, त्यातली बरीच मुक्कामी गाडीवर. रात्री शेवटच्या गावात थांबायचं आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी घेऊन निघायची. कास ओलांडून बामणोलीच्या अंगाला माझे कित्येक मुक्काम झाले. पहाटेची गाडी गेली नाही तर कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली माणसं अडकायची, म्हणून आमची सकाळ आदल्या रात्रीच सुरू व्हायची.

माणसं उतरली की ड्रायव्हर गाडी वळवून तिचं तोंड उताराकडं करायचा आणि चाकांना दगड लावायचा. थंडीत बॅटरी उतरली तरी गाडी ढकलून सुरू करता यावी म्हणून. कितीही दमलेला असला तरी ही वळवावळव त्यानं कधी सकाळवर टाकली नाही. मी टॉर्च घेऊन मागच्या बाकापासून पुढं यायचो, कुणाचं काय राहिलंय का बघत. मग वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद. तेव्हा मशीन नव्हतं, तिकिटांचा ट्रे असायचा. प्रत्येक दराच्या गड्डीचा नंबर लिहायचा, रोकड जुळवायची.

एकदा कंटाळा केला. म्हटलं पहाटे करू. पहाटे 27 रुपये कमी भरले आणि गाडी सुटायची वेळ झाली. डोक्यात तेवढंच. एका म्हातारीनं सुट्टे मागितले तर तिच्यावर खेकसलो. ती साताऱ्याला दवाखान्यात मालकांना बघायला चालली होती. सातारा येईपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून गप्प बसली. तुमचा डबा वाचला आणि मला ती आठवली.

पहाटे सगळे मोठी नोट पुढं करतात. सुट्टे लागणार हे ठाऊक असायचं, पण पहाटे मिळणार कुठं? म्हणून रात्रीच गावातल्या दुकानदाराकडून घेऊन ठेवायचो. तुमचं कार्डशीट तसंच आहे. पावणेसातला ते कुठंच मिळत नाही, संध्याकाळी सातला कोपऱ्यावर मिळतं. तेव्हा पोराला दिवेलागणीलाच विचारा, जेवणानंतर नको. तोवर दुकानं बंद होतात. दप्तर त्यालाच रिकामं करू दे. तुम्ही फक्त शेजारी बसा, हात लावू नका.

सासूबाईंची गोळी आणि झाकलेला पाण्याचा तांब्या रात्रीच उशाशी ठेवा. त्या उठल्या उठल्या घेतील. तुमचा डबा होईतो त्यांच्या चहाची वेळ झालेली असेल.

गोडोलीची डबेवाली

मी रोज 40 डबे करते. पहिलं म्हणजे उद्या भाजी कुठली हे रात्रीच ठरवा. पहाटे फ्रिज उघडून उभं राहण्यात जो वेळ जातो तो दुसऱ्या कशात जात नाही.

पण सगळंच रात्री चिरून ठेवू नका. वांगं, बटाटा काळा पडतो. गवार, घेवडा खुशाल मोडून ठेवा. मेथी निवडायची पण धुवायची नाही, सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि सकाळी धुऊन चिरायची. मटकी सकाळी कामावर जाताना भिजत घाला, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधा. साताऱ्याच्या थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून उबेला ठेवा. कणीक रात्री मळलेली चालते, वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजला. लाटायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढायची, नाहीतर पोळी चिवट होते.

रात्रपाळीची नर्स

वरचं सगळं पटलं, पण हे करणार कोण? सहाला घरी आलेल्या बाईच्या अंगावर आणखी दोन तासांचं काम टाकलं तर ती सकाळी ओरडणारच. मिस्टर पहिल्या पाळीला आहेत ना? म्हणजे चारच्या आत घरी. भाजी निवडणं, पाण्याच्या बाटल्या भरणं त्यांच्याकडं द्या. आणि ताई, सहाला आल्यावर चहा घेत असाल तर अर्धा कप घ्या. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

वाईचा मास्तर

मी मानसशास्त्र शिकवतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी केलेला प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. 57 तरुणांपैकी जवळपास निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, उरलेल्यांनी झालेली कामं लिहिली. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपी गेले. ज्यांनी जास्त बारकाईनं लिहिली ते आणखी लवकर. म्हणून "शाळेचं बघणे" असं मोघम लिहू नका. "पिवळं कार्डशीट, एक" असं लिहा.

शाहूपुरीची आई

दहा दिवस झाले, म्हणून लिहिते. मुलाची माफी मागितली. "बरं," एवढंच म्हणाला. पहिले दोन दिवस दप्तर काढायला कुरकुरला. परवा दिवे लावले तसं स्वतःच सगळं सतरंजीवर ओतलं. तळाला चुरगळलेली चिठ्ठी निघाली, शुक्रवारी कर्कटक लागणार होतं. आम्ही दोघं चालत दुकानात जाऊन आलो. येताना वर्गातल्या भांडणाचं त्यानं सगळं सांगितलं. एरवी हे मला कधी कळलं असतं?

गोळी उशाशी ठेवते. मिस्टर चारनंतर गवार मोडतात, शिरा राहतात, त्या मी सकाळी काढते. यादी लिहिते, पण दोनदा लिहितालिहिताच झोप लागली. सोमवारी एकदा आवाज चढला, नाही असं नाही.

काका, त्या आजी पुन्हा भेटल्या का हो?

मुक्कामी कंडक्टर

भेटल्या. त्याच दिवशी संध्याकाळच्या फेरीला. आधी सुट्टे हातात दिले, मग तिकीट फाडलं आणि विचारलं, मालक कसे आहेत? म्हणाल्या, "बरं हाईत आता. उद्या सोडणार म्हणलेत."