प्रतिसाद: कूलर मोठा, तरी तापमान चढतंच

मोठा ऑइल कूलर बसवूनही गाडीमागे ओझं ओढताना चढावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान १२० अंशांवर जातं म्हणताय, तर आधी टॉर्क कन्व्हर्टरकडे (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागाकडे) बघा. लॉकअप, म्हणजे कन्व्हर्टरच्या दोन बाजू थेट जोडणारा क्लच, सुटलं की कन्व्हर्टर आतलं ऑइल नुसतं घुसळत राहतो, बहुतेक उष्णता तिथेच तयार होते. टो मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) लावा, नाहीतर स्वतः एक गिअर खाली घ्या. इंजिनचा आवाज वाढेल, वाढू दे! वरच्या गिअरमध्ये रेटत राहण्यापेक्षा ते बरं.

तापमानाचा सेन्सर कुठे आहे तेही पाहा. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं ऑइल पॅनमधल्यापेक्षा (गिअरबॉक्सच्या तळाशी साठलेल्या ऑइलपेक्षा) बरंच गरम असतं, त्यामुळे दोन गाड्यांच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.

फारच तापलं तर थांबून न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पण इंजिन चालू ठेवा. बंद केलंत की ऑइल फिरवणारा पंप थांबतो आणि ऑइल कूलरपर्यंत पोचतच नाही.