भागीदारी म्हणायचं आणि यादी छपराची पाठवायची

खडूस_नगरकर (धागाकर्ता)
परवा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती, इथल्या बऱ्याच जणांकडे आली असेल. इंग्लंडमधल्या एका पॅरिशशी, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चशी, आपली "भागीदारी" झाली, देवाची स्तुती असो, आता चर्चचं छप्पर, बोअरवेल आणि साउंड सिस्टिम मार्गी लागणार. खाली सत्तर जणांचे जोडलेले हात. मी रात्री उत्तर लिहिलं, खोडलं, सकाळी परत लिहिलं, तिथे टाकलं असतं तर पाळकसाहेब घरी आले असते म्हणून इथे टाकतोय.

याला भागीदारी नाही, दत्तक जाणं म्हणतात. भागीदारीत दोघांचं भांडवल लागतं. आपलं काय लागलंय? संडे स्कूलच्या पोरांना इस्त्रीचे कपडे घालून उन्हात उभं केलं आणि फोटो पाठवला, एवढंच. 1963 साली टोरांटोला जगभरातले अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले लोक, जमले होते, तेव्हाच ठरलं की देणाऱ्या मंडळ्या आणि घेणाऱ्या मंडळ्या ही भाषा बंद, सगळे एकमेकांचं देणं लागतात. आणि थोड्याच वर्षांत त्याचं काय झालं, तर प्रोजेक्टांची यादी, रुखवतासारखी मांडलेली, ज्याला जे परवडेल ते त्याने उचलावं. साठ वर्षं उलटली, आपण अजून यादीच पाठवतोय.

त्याच्याही आधी, 1910 ला एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझराया या आपल्या भारतीय पाळकांनी भर सभेत मिशनऱ्यांना सुनावलं होतं की तुम्ही पुष्कळ दिलंत, आता आम्हाला मित्र द्या. दोन वर्षांनी तेच दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकनांमधले पहिले भारतीय बिशप. आणि आम्हाला मित्र मिळाला की आम्ही त्याला विचारणार, बोअर किती फुटांची देतोस.

शेवंता_आत्या
बाळा, तुझ्या चर्चवर स्लॅब आहे ना? मग लिही. आमच्या गावात पत्रा आहे, आणि तोही भोकं पडलेला. मागच्या जुलैत प्रभुभोजनाच्या टेबलापाशी बादली ठेवली होती, उपदेश चालू आणि टप टप टप चालू, पोरं खुदुखुदू हसतायत, शेवटी बादली भरली तेव्हा मीच उठून ओतून आले, पाळकसाहेब तेवढ्यापुरते थांबले. मित्राकडे मागितलं तर काय बिघडलं? शेजारणीकडे विरजण मागतोच की आपण. विरजण मागितलं म्हणून कोणी दत्तक जात नाही.

खडूस_नगरकर
आत्या, विरजण मागता तेव्हा कधीतरी वाटीभर ताक परत जातं. इथे काय परत जातं तेवढं सांगा, मी धागा उडवतो.

हिशेबनीस
दोघंही जरा थांबा. पैसा येणार कसा ते आधी कोणी विचारलंय का? मी बारा वर्षं मंडळीचा खजिनदार आहे म्हणून बोलतो. एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी पॅरिशकडून एक पौंडसुद्धा घेता येत नाही. रजिस्ट्रेशन असलं तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा पहिल्यांदा दिल्लीला, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरला पाहिजे. एका संस्थेने घ्यायचा आणि दुसरीकडे वळता करायचा, पूर्वी सर्रास चालायचं, तेही बंद. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. तेव्हा ते सत्तर हात कशासाठी जोडलेत मला कळेना.

आमच्याकडे एक पाहुणे आले होते, भला माणूस, जाताना संडे स्कूलसाठी म्हणून पाकीट दिलं. मी तिथल्या तिथे परत केलं. कमिटीने माझ्याकडे असं पाहिलं की जसा काही मी येशूला पकडून देणारा यहूदाच. शिष्यांच्या पैशांची थैली त्याच्याकडेच होती म्हणा.

शेवंता_आत्या
म्हणजे पत्रा नाही. मग स्पष्ट सांगा ना तसं, उगाच टोरांटो कशाला.

सडेतोड
पैशाचं सोडा. 2023 च्या फेब्रुवारीत चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च सभेने, समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना हिरवा कंदील दिला, त्यावरून आफ्रिकेतल्या काही आर्चबिशपांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांचं नेतृत्व नाकारलं, एप्रिलमध्ये किगालीच्या परिषदेत तेच पुन्हा ठणकावलं. युगांडाने तर 2003 नंतर अमेरिकेतल्या अँग्लिकनांच्या एपिस्कोपल चर्चचा पैसा घेणंच सोडलं. पटो न पटो, त्यांनी प्रश्न तरी विचारला. आपल्या कमिटीत चर्चा काय झाली, तर पत्रा किती गेजचा.

मिडलंड्सची_सून
सडेतोडभाऊ, या विषयावर आमच्या इकडच्या एकाच बाकावर चार मतं आहेत, आणि चौघंही नंतर एकत्रच चहा घेतात. तुमचं युगांडाचं बरोबर आहे पण नातं ठेवायला आधी मतं जुळवायची असतील तर माझं सासरशी कधीच जुळलं नसतं.

माझं माहेर नगर, आता डर्बीशरमध्ये. इकडच्या डायोसिसचा (बिशपच्या प्रांताचा) आणि आपल्या सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, संबंध जुना आहे, त्यामुळे ही सगळी भाषा मी दोन्ही बाजूंनी ऐकलीय. तुम्ही ज्यांच्याकडे छप्पर मागताय त्यांचं सांगू? आमच्या चर्चमध्ये रविवारी पंचवीस माणसं, त्यात माझ्याहून तरुण तिघं, आणि मी 54 वर्षांची. व्हिकरबाई, म्हणजे पाळक, एक, चर्चेस पाच. छपरावरचं शिसं चोरांनी रात्रीत सोलून नेलं, दोन हिवाळे आम्ही ताडपत्रीखाली बसलोय. आत्या, बादली आमच्याकडेपण आहे, फक्त आमची जरा नक्षीची आहे.

आणि खडूस, ताकाचं विचारलंत ना. इथे एका बाईंचा नवरा गेला. फ्युनरलनंतर हॉलमध्ये सगळे कप घेऊन उभे, हवेबद्दल बोलतायत, ती बिचारी खुर्चीत एकटी. आपल्याकडे दुखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते, बायका नुसत्या येऊन बसतात. मी जाऊन बसले. हात धरला आणि तोंडातून मराठीच प्रार्थना आली, पुस्तकबिस्तक काही नाही. तिला "येशू" सोडून एक अक्षर कळलं नसणार. पुढच्या रविवारी आली आणि म्हणाली, ते परत कर. तेव्हापासून दर गुरुवारी मी चपात्या घेऊन तिच्याकडे जाते. हे कुठल्या यादीत घालायचं ते हिशेबनीसांनी सांगावं.

एक मात्र आहे, इथला ग्रुप तिकडे जाऊन आला तेव्हा त्यांना आपली भजनं ऐकायची होती आणि आपल्या लोकांनी त्यांना त्यांच्याच चाली ऐकवल्या. जरा हिरमुसले होते.

पेटीमास्तर
आला का विषय शेवटी!! वीस वर्षं ओरडतोय. नारायण वामन टिळकांची भजनं असताना आपण इंग्रजी चालीवर मराठी शब्द कोंबतो, ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागते, आणि चौथ्या कडव्याला निम्मी मंडळी पुस्तक मिटून बसलेली. टाळ-मृदंग काढा, बघा लोक कसे गातात ते.

ऑल्टो_आजी
का हो, गोऱ्यांना आवडतं म्हणून आता टाळ कुटायचे? परवापर्यंत त्यांना आवडायचं म्हणून ऑर्गन वाजवत होतो म्हणता, मग फरक काय राहिला? मी चाळीस वर्षं चार आवाजांत गाते. माझ्या आईने ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, मला चुलीपाशी भाकऱ्या थापताना शिकवला. ते माझं आहे, इंग्लंडचं नाही.

पेटीमास्तर
तुमच्या चार आवाजांतले तीन आवाज आता देवाघरी आहेत आजी.

ऑल्टो_आजी
तोंड सांभाळा. तुमच्या पेटीचा काळी चारचा सूर गेली तीन वर्षं लागत नाही, ते आधी दुरुस्त करून घ्या.

सडेतोड
आणि टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. आमच्या एसपीजीचा, अँग्लिकन मिशनचा, काय संबंध?

पेटीमास्तर
1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झालं, तुमच्या डोक्यात अजून व्हायच्यात वाटतं! आणि टिळकांनी 1917 ला मिशनचा पगार सोडला, हे खडूसला आवडेल.

गुरुवारपेठी
टिळक म्हटलं की आमच्या पंचहौदातला चहा आठवतो. 1890 ला मिशनमध्ये चहा घेतला म्हणून अर्ध्या पुण्याला प्रायश्चित्ताची पाळी आली होती.

पेटीमास्तर
ते टिळक वेगळे, लोकमान्य.

गुरुवारपेठी
माहितीये हो, पेठेत जन्म गेला माझा. मुद्दा असा की आमच्या मनोऱ्यातल्या घंटा इंग्लंडातून आल्या, पण दोर ओढून ओढून घट्टे पडले ते इथल्या पोरांच्या हाताला. माझ्या काकांचे तळवे बघायला हवे होते. त्या घंटा आता कोणाच्या, सांगा बरं? ऑल्टो आजींना माझं मत.

ऑल्टो_आजी
आभारी आहे. पेटीमास्तरांनी दोन ओळी वाचाव्यात.

पेटीमास्तर
वाचल्या. महिन्यातून एक रविवार ऑर्गन राहू दे, एवढंच म्हणेन. तेही मृदंगवाला सुट्टीवर असेल तेव्हा.

शेवंता_आत्या
पत्र्यावरून पेटीवर कसे गेलात रे तुम्ही सगळे.

हिशेबनीस
आत्या, पत्र्याचं मी बोलणारच होतो. मागच्या हार्वेस्टला, सुगीच्या सणाला, आपल्या लिलावात एक कोंबडी अकराशेला गेली, आठवतंय? घेणाऱ्याने परत दान केली, मग ती पुन्हा साडेआठशेला गेली, बिचारी दिवसभर टोपलीखाली. बाजरीची पोती वेगळीच. तो सगळा पैसा मंडपात आणि जेवणावळीत गेला, व्हाउचरं माझ्याकडे आहेत. यंदा मंडप नको म्हणा, पुढच्या जूनच्या आत निम्मा पत्रा होतो.

शेवंता_आत्या
मंडप नको म्हटलं तर अध्यक्षांच्या मेहुण्याचा धंदा बुडेल ना. पण बोलते मी. मीच बोलते.

खडूस_नगरकर
मिडलंड्सताई, तुमची चपाती मला लागली, कबूल. तरी त्याला मी अपवाद म्हणेन, कारण ते तुम्ही केलंत, आपल्या मंडळीने नाही. पण ठीक आहे, त्या पॅरिशला मी पत्र लिहितो, माझ्या हाताने. यादी नसेल. त्यांच्याकडे आजारी कोण, एकटं कोण, नावं मागवतो, बुधवारच्या प्रार्थनेत रोज पाच घेऊ. आणि आपल्या बादलीचा फोटो पाठवतो, त्यांना म्हणतो तुमच्या नक्षीच्या बादलीचा पाठवा.

सडेतोड
बुधवारच्या प्रार्थनेत "रोज"?

खडूस_नगरकर
दर बुधवारी. सुधारलं. झोप आता.

मिडलंड्सची_सून
पत्र हातानेच लिहा आणि खरंच पोस्टाने पाठवा. इथे अजून नोटीस बोर्डावर टाचणीने लावतात. पंचवीस माणसं आहेत, पंचवीसही वाचतील. इंग्रजी मी तपासून देईन, पण शेवटी दोन ओळी मराठीत ठेवा. वाचायला मी उभी राहीन.