मदत हवी आहे: विल्यमने इंग्लंड ताब्यात ठेवलं कसं?

मंडळी, १०६६ला हेस्टिंग्जची लढाई जिंकून नॉर्मंडीचा (उत्तर फ्रान्समधला प्रांत) ड्यूक विल्यम राजा झाला इथपर्यंत कळलं, पण मूठभर नॉर्मन लोकांनी अख्खा देश दाबून कसा ठेवला हे नीट समजून घ्यायचंय. मातीचा उंच ढिगारा, वर लाकडी बुरूज, भोवती खंदक, असे किल्ले पटापट उभारले, यॉर्कमध्ये तर दोन! जुन्या सरदारांच्या जमिनी काढून आपल्या माणसांना दिल्या, आणि १०६९-७०च्या हिवाळ्यात उत्तरेत गावंच्या गावं, धान्य, गुरं सगळं जाळलं, वाचताना पोटात कालवतं हो. पण शेरीफ (परगण्यातला राजाचा अधिकारी) आणि परगण्यांची कोर्टं मात्र जुनीच चालू ठेवली. मग १०८६ची डोम्सडे मोजणी, म्हणजे देशातल्या जमीन-मालमत्तेची नोंद, त्यात नांगर, गिरण्या, डुकरंसुद्धा मोजली, ती फक्त करासाठी का जमिनीचे वाद मिटवायला? कुणी अभ्यास केला असेल तर प्लीज सविस्तर सांगा.