मोठ्या माणसात उपजत प्रेरणा शिल्लक असतात का?

कुतूहल

वासरू जन्मल्यावर थोड्याच वेळात धडपडत उभं राहतं आणि कास शोधतं. तान्ह्या बाळातही असं काही दिसतं: तळहातावर बोट ठेवलं की मूठ आवळतं, गालाला स्पर्श झाला की त्या बाजूला तोंड वळवतं. पण पाच-सहा महिन्यांत हे बहुतेक सगळं दिसेनासं होतं. मग मोठ्या माणसात उरतं काय? फक्त पापणी लवण्यासारख्या प्रतिक्षिप्त क्रिया, की प्राण्यांसारखी अथपासून इतिपर्यंत चालणारी उपजत वागणूकही? भूक, राग, माया अशी मोघम उत्तरं नकोत. कशाने सुरू होते, शरीर नेमकं काय करतं आणि ती सवय नाही हे कशावरून, एवढं सांगा.

मज्जातंतू

लोरेन्झ आणि टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांचं कलहंसावरचं काम १९३८ साली प्रसिद्ध झालं. घरट्याबाहेर घरंगळलेलं अंडं हंसी मान लांब करून चोचीने आत ओढते. मध्येच अंडं काढून घेतलं तरी ती रिकामी मान आत ओढून क्रिया पुरी करते. म्हणजे एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत जाणारं वर्तन. ही कसोटी लावली तर रोजचं गिळणं तिच्यात बसतं. घास तोंडात असेपर्यंत तो तुमच्या ताब्यात. घशाच्या मागच्या भागाला लागला की श्वास थांबणं, स्वरयंत्र वर उचललं जाणं, अन्ननलिकेचं दार उघडणं हा सगळा क्रम मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला खालचा भाग, चालवतो. मधे थांबवून बघा, थांबत नाही.

बाळाच्या क्रिया 'जातात' हेही पूर्ण खरं नाही. पुढचा मेंदू वाढतो तसा तो त्यांना दाबून ठेवतो. पुढच्या मेंदूला इजा झाली किंवा स्मृतिभ्रंश बराच पुढे गेला की त्यातल्या काही परत दिसतात. रुग्णाच्या तळहातावरून बोट फिरवलं की तो पकडतो आणि ठरवूनही सोडू शकत नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: तो हट्ट नसतो. हात ओढून घेतला तर पकड आणखी आवळते, कारण बोटांवर ताण आला की ती सुरू होते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, गुदमरण्याची भीती. अमेरिकेतल्या एका स्त्रीच्या मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंनी नष्ट झाला होता. साप, कोळी, भुताचे सिनेमे, तिला कशाचीच भीती वाटत नसे. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा श्वासात घेतल्याबरोबर ती घाबरून मास्क ओढू लागली. हा गजर वाजतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून, ऑक्सिजन घटला म्हणून नव्हे. जुना आड, गटाराचं चेंबर किंवा बंद टाकी यांतला धोका इथेच आहे. ऑक्सिजन घटलेला, पण कार्बन डायऑक्साइड फारसा वाढलेला नसेल तर माणसाला जीव घुसमटल्याचं कळतच नाही, तो सरळ कोसळतो. मग वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. कंदील सोडून बघण्याची जुनी रीत भरवशाची नाही. मिथेन असेल तर भडका उडतो आणि विषारी वायू असला तरी ज्योत जळत राहू शकते. वायुमापक खाली सोडून तळापर्यंत ऑक्सिजन मोजा. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही उतरू नये. आणि ऑक्सिजन पुरेसा दिसला म्हणजे विषारी वायू नाही असं होत नाही, तोही वेगळा मोजावा लागतो.

गोठेवाला

धाग्यात 'माया नको' म्हटलंय, पण पान्हा फुटणं हे मोघम नाही. ती मोजता येणारी क्रिया आहे आणि गाय-म्हशीत व बाईत यंत्रणा एकच. सडाला स्पर्श झाला की मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येतं, कासेतल्या सूक्ष्म पिशव्या आकुंचन पावतात आणि दूध सडात उतरतं. गाईच्या कासेतलं साधारण ८० टक्के दूध त्या पिशव्यांत असतं, म्हणजे पान्हा नसेल तर हाती लागतं ते उरलेलं. म्हणून कास कोमट पाण्याने धुवायची, कोरडी पुसायची, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या काढायच्या, मिनिटभर जाऊ द्यायचं आणि मग पाच ते सात मिनिटांत धार पुरी करायची. ऑक्सिटोसिनचा असर तेवढाच टिकतो. मधेच फोन घ्यायला उठलात की दूध आत राहिलंच.

आरडाओरडा, काठी, गोठ्यात शिरलेलं अनोळखी कुत्रं, यांनी ॲड्रेनॅलिन हे भीतीच्या वेळचं संप्रेरक वाढतं आणि पान्हा अडतो. आपण म्हणतो म्हैस दूध चोरते. ती काही चोरत नाही, घाबरलेली असते. तिला मारणारा माणूस उद्याचं दूधही घालवतो.

सवय कुठे आणि उपजत काय, तेही इथे स्वच्छ दिसतं. दूध उतरणं उपजत. ते बादलीच्या आवाजाने सुरू होणं शिकलेलं. बाईला बाळाचं रडणं ऐकून पान्हा फुटतो, तेही याच धर्तीवर. दुखणं, लाज, काळजी यांनी तो तिचाही अडतो, म्हणून बाळंतिणीभोवती सल्लागारांची गर्दी नको. आडोसा, पाठीला हलका चोळा आणि बाळ उघड्या अंगाला लावणं याने फरक पडतो. बाळाच्या वरच्या ओठाला स्तनाग्र टेकवून त्याने जांभईएवढा आ करेपर्यंत थांबायचं. डोक्यामागून दाबलं तर ते उलट मान मागे टाकतं.

कुतूहल

दोन्ही उत्तरं फार उपयोगी. सापाची भीती यात बसते का? आणि माहिती असली की अशी क्रिया थांबवता येते का?

मज्जातंतू

सापाबद्दल थोडक्यात. सुझन मिनेका आणि मायकेल कुक या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेली माकडं घेतली. साप कधी न पाहिलेल्या त्या माकडांना खेळण्यातल्या सापाचं भय नव्हतं. सापापुढे घाबरलेल्या माकडाची चित्रफीत दाखवली की ती घाबरायला शिकत. तीच भीती फुलांसमोर जोडून दाखवली तर शिकत नसत. म्हणजे भीती तयार जन्मत नाही, ती पटकन शिकण्याची तयारी जन्मते. लहान मुलाने पहिल्यांदा साप पाहताना शेजारचा मोठा माणूस किंचाळतो का, याला म्हणून किंमत आहे.

पाणबुड्या

थांबवता येते का, याचं उत्तर बुडणाऱ्या माणसाकडे बघून मिळतं. फ्रॅन्सेस्को पिया या जीवरक्षकाने चित्रण करून हे वर्तन नोंदवलं. बुडणारा ओरडत नाही, हात हलवून बोलावतही नाही. शरीर उभं, पाय जवळजवळ स्थिर, दोन्ही हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. तोंड क्षणभर वर येतं, तेवढ्यात श्वास सोडून घ्यायचा असतो, हाक मारायला वेळच नसतो. पाण्याखाली जाण्याआधी २० ते ६० सेकंद मिळतात. विसर्जनाच्या वेळी काठावरचे लोक आरडाओरड्याची वाट बघतात आणि तोवर माणूस गेलेला असतो.

या अवस्थेत तो ठरवून दोर धरू शकत नाही. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन दोराला बांधून त्याच्या पलीकडे टाका आणि ओढत थेट हाताखाली आणा. बांबू असेल तर छातीखाली सरकवा. पोहता येतं म्हणून समोरून जवळ जाऊ नका, तो तुमच्यावरच चढेल. मिठी बसलीच तर झटापट न करता खाली बुडा. त्याला वर राहायचं असतं, तो सोडतो.

माहितीने हे थांबत नाही, सरावाने थांबतं. पडताना हात पुढे जाणं घ्या. ही क्रिया बाळात साधारण सात-आठव्या महिन्यात येते आणि जन्मभर राहते. त्या हातावर सगळा भार आला की मनगटाजवळचं हाड मोडतं. ज्युदोत म्हणून आधी पडायला शिकवतात: गादीवर उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला, पाठ गोल करून मागे लोळायचं आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यासकट गादीवर आपटायचे. उंची हळूहळू वाढवायची. शेकडो वेळा केल्यावर घसरताना हात आपोआप तसे जातात. उतारवयात मात्र हात पुढे येणंच मंदावतं. तेव्हा माणूस कुशीवर पडतो आणि मनगटाऐवजी खुबा मोडतो.